सोळा गोलांचं भांडण

मागच्या अंकात पानाच्या तळाला थोडी जागा उरली होती. संपादक म्हणाले, एक चौकट द्या, लिव्हरपूल क्लबचे सर्वोत्तम पाच मोसम. मी पाच ओळी खरडून दिल्या: पहिला १९७८-७९, दुसरा १९८३-८४, तिसरा २०१९-२०, चौथा १९८७-८८, पाचवा १९७६-७७. कारणं लिहिली नाहीत, तेवढी जागाच नव्हती. त्यावर आलेली पत्रं आणि छापून काढलेले मेल परवा पिशवी भरून घरी आले. बायको म्हणाली, पाणी आलं नाही म्हणून लोक एवढं लिहीत नाहीत. तेव्हा या खेपेला फक्त हाच विषय. कुस्तीच्या मॅटबद्दल विचारणाऱ्या कागलच्या वाचकांनी महिनाभर कळ काढावी.

१९७८-७९ मध्ये लिव्हरपूलनं फक्त लीग जिंकली. युरोपियन कपातून तर पहिल्याच फेरीत बाहेर पडले. एका कपाचा मोसम पहिल्या नंबरवर कसा? की तुमचं वय बोलतंय? – एक वाचक, डोंबिवली

वय बोलतंय, नाही कशाला म्हणू? पण एकटं वय नाही, त्याच्या जोडीला एक दोनशेपानी वही आहे.

त्या साली मी सतरा वर्षांचा होतो आणि कोल्हापुरात आमच्या पेठेच्या तालमीकडून गोलात उभा राहायचो. (तालमीचं नाव लिहीत नाही. लिहिलं तर शेजारच्या पेठेत हा अंक खपायचा नाही.) बाहेरगावच्यांसाठी सांगतो, आमच्याकडं फुटबॉलचे संघ तालमींचे असतात. ज्या खुंटीला लंगोट, तिलाच बूट. घरी वडिलांचा रेडिओ होता आणि शनिवारी रात्री बीबीसीच्या जागतिक सेवेवर इंग्लंडच्या लीगचे निकाल वाचून दाखवत. थंडीच्या दिवसांत आपल्याकडं तेव्हा साडेदहा वाजलेले असत. आवाज लाटेसारखा यायचा नि जायचा, मध्येच कुठलं तरी अरबी गाणं घुसायचं. निकाल वाचायची त्यांची एक ढब होती. यजमानांचं नाव नि गोल सरळ सुरात, मग पाहुण्यांच्या नावावर सूर चढला की समजायचं पाहुणे जिंकले, पडला की हरले. आकडा खरखरीत बुडाला तरी निकाल कळायचा. शून्याला ते ‘निल’ म्हणायचे. मी खुशीत ‘निल, निल’ करून ओरडलो की आतून आई विचारायची, ‘एवढ्या रात्री नीळ कशाला पाहिजे तुला?’

त्या वहीत मी प्रत्येक निकाल लिहायचो. लिव्हरपूलवर गोल झाला नसेल तर त्या ओळीपुढं तांबड्या पेन्सिलीनं एक भोपळा. मधल्या वारी झालेले सामने रेडिओवर हुकायचे, ते वाचनालयातल्या इंग्रजी पेपरांत शोधून भरायचो. त्या हिवाळ्यात इंग्लंडात बर्फ इतका पडला की कितीतरी सामने पुढं ढकलले गेले. वहीत जानेवारीची ओळ कोरी, मग पुन्हा कोरी. मेमध्ये सगळं भरून झाल्यावर मोजले, ४२ सामन्यांत २८ भोपळे.

आता हिशोब बघा. ३० जिंकले, ८ बरोबरीत, ४ हरले. गोल केले ८५, खाल्ले १६. घरच्या अ‍ॅनफिल्डवर २१ सामन्यांत फक्त ४ गोल खाल्ले आणि एकही सामना हरले नाहीत. मी शाहू स्टेडियमवर एका दुपारी चार खाल्लेत, त्यातला एक दोन पायांमधून. म्हणजे लिव्हरपूलचा गोलकीपर रे क्लेमन्स याचं घरचं अख्खं वर्ष आणि माझी नव्वद मिनिटं सारखीच. तुम्ही पुढं खेळणारे असाल तर हा आकडा वाचून पान उलटाल. गोलात उभा राहिलेला माणूस तिथंच थांबतो.

युरोपचं म्हणाल तर तेव्हा गटबिट काही नव्हते, पहिल्या दिवसापासून बाद फेरी. सप्टेंबरात दोन सामन्यांत फॉरेस्टकडून हरले, विषय संपला. पण ब्रायन क्लफचा नॉटिंगहॅम फॉरेस्ट म्हणजे आदल्या वर्षीचा लीगविजेता, आणि पुढं तो युरोपियन कप त्यांनीच उचलला. त्याच फॉरेस्टला लीगमध्ये लिव्हरपूलनं ८ गुण मागं ठेवलं, विजयाला दोनच गुण मिळायच्या दिवसांत. दोन रात्री वाईट गेल्या हे कबूल. मी मोजतो ते दुसरंच: चिखलातला, अर्ध्या धुक्यातला, पुढं कुणालाच आठवत नाही असा शनिवार. तसे बेचाळीस दिवस. त्यातले किती नीट पार पाडले?

तुमचे ‘सोळा गोल’ ही नियमाची कृपा आहे. तेव्हा बचावपटूनं मागं दिलेला चेंडू गोलकीपर हातात घेऊ शकत होता. शिवाय गुणांची टक्केवारी काढली तर २०१९-२० सरळ पुढं जातं. कोष्टक सोबत जोडलं आहे. – एक अभियंता, पुणे

कोष्टक बघितलं. रंगसुद्धा दिलेत. मान गेलो.

नियमाचं तुमचं म्हणणं निम्मं खरं आहे, आणि ते मला तुमच्यापेक्षा जास्त टोचतं, कारण मीही तेच करायचो. १९९२ पर्यंत गोलकीपरला मागून आलेला पास हातात घ्यायला मोकळीक होती. संघ एक गोलनं पुढं असला की उजव्या बॅकला ओरडायचं, ‘दे मागं!’ चेंडू कवेत घ्यायचा, दोनदा टप्पा पाडायचा, बूट बघायचा, मग डाव्या बॅकला सरकवून द्यायचा. तो दोन पावलं जाणार की पुन्हा ‘दे मागं!’ घड्याळात पाच मिनिटं कुठं गेली कळायचं नाही आणि स्टँडातून आमच्या आईबहिणीची विचारपूस व्हायची. क्लेमन्स आणि त्याचे बचावपटू हॅन्सन, फिल थॉम्पसन हेच काम फार सफाईनं करायचे. आज तो नियम असता तर सोळाचे वीस-बावीस झाले असते, हे मी लिहून देतो.

पण नियम बावीसच्या बावीस संघांना सारखा होता ना? दुसऱ्या आलेल्या फॉरेस्टनं २६ खाल्ले, आणि त्यांच्या गोलात पीटर शिल्टन होता. त्यांनाही मागं पास द्यायला कुणी मना केलं नव्हतं.

टक्केवारीला मात्र माझ्याकडं उत्तर नाही. आजच्या पद्धतीनं विजयाला तीन गुण धरले तर १९७८-७९ चे १२६ पैकी ९८ होतात. २०१९-२० मध्ये ११४ पैकी ९९. पहिल्या २७ सामन्यांतले २६ जिंकायचे आणि एक बरोबरीत सोडायचा, हा प्रकार मी तरी दुसरीकडं पाहिला नाही. गंमत म्हणजे दोन्ही मोसमांत केलेले गोल अगदी सारखे, ८५. फरक खाल्लेल्यांत, तिकडं ३३.

मग तिसरा का? ते वर्ष घट्ट विणलेलं होतं, शेवटी सुटत गेलं म्हणून. फेब्रुवारीच्या शेवटी वॉटफर्डनं ३-० नं आपटलं. ११ मार्चला अ‍ॅटलेटिको माद्रिदनं अ‍ॅनफिल्डवर येऊन युरोपातून काढलं. त्या रात्री गोलकीपर अलिसन जखमी होता आणि अ‍ॅड्रियानचा एक पास चुकला. (त्या पोराला लोकांनी जे ऐकवलं त्यानं मला दोन दिवस जेवण गेलं नाही. फॉरवर्डनं दहा चुकवले तर ‘नशीब नव्हतं’, गोलकीपरनं एक चुकवला तर पेठ सोडून जायची पाळी.) मग टाळेबंदी. २५ जूनला चेल्सीनं मँचेस्टर सिटीला २-१ हरवलं आणि लिव्हरपूलचे लोक घरी टीव्हीसमोर बसल्या बसल्या चँपियन झाले, सात सामने राखून, तीस वर्षांनी. पुढच्याच सामन्यात सिटीनं ४-० मारलं, नंतर आर्सेनलकडून हरले. काम झालेलं होतं, पाय सैल सोडले, समजू शकतो. पण पहिल्या नंबरच्या मोसमात मला शेवटच्या दिवशीही चिवटपणा दिसायला हवा. तुम्ही तुमच्या यादीत त्याला पहिला ठेवा, माझ्याकडून तक्रार येणार नाही.

इस्तंबूल नाही?! २५ मे २००५ च्या रात्री माझा बारावीचा निकाल लागायचा होता आणि मी तो विसरून गेलो होतो. ज्या यादीत २००४-०५ नाही ती यादी नाहीच. – एक कट्टर, नाशिक

लिव्हरपूलनं चँपियन्स लीग (म्हणजे जुना युरोपियन कपच) जिंकली ती इस्तंबूलची फायनल, आपल्याकडं रात्री सव्वाबाराला सुरू झालेला सामना तो. मीही पाहिला, आवाज बंद करून, घरातले झोपले होते म्हणून. पहिल्याच मिनिटाला मालदिनी, मग क्रेस्पोचे दोन, मध्यंतराला मिलान ३-० पुढं. मी उठून पाणी प्यायलो, कोयंडा तपासला, झोपायला निघालो होतो. ५४ व्या मिनिटाला जेरार्डचं डोकं, ५६ व्याला स्मित्सर, ६० व्याला अलोन्सोची पेनल्टी अडवली गेली आणि परतलेला चेंडू त्यानंच आत मारला. आणि जादा वेळेत आपला गोलकीपर डुडेक यानं मिलानच्या शेवचेंकोचे लागोपाठ दोन फटके अडवले, दुसरा तर दोन हातांवरून. कुठल्याही क्लबच्या कुठल्याही रात्रींची यादी करा, ही वरच ठेवीन.

पण तुम्ही रात्र सांगताय, मी वर्ष मोजतोय. त्या मोसमात लीगमध्ये ३८ पैकी १४ सामने हरले. ५८ गुण, पाचवा नंबर, चँपियन चेल्सीच्या ३७ गुण मागं. शहरातला एव्हर्टनसुद्धा वर होता. युरोपचा विजेता असून पुढच्या वर्षी खेळायला मिळेल का इथपासून वांधा. शेवटी युरोपच्या संघटनेनं खास परवानगी दिली, तीही पहिल्या पात्रता फेरीपासून, जुलै महिन्यात. हिंदकेसरीला दुसऱ्या वर्षी जत्रेतल्या रेवड्यांच्या कुस्तीपासून सुरुवात करायला लावावं तसं झालं ते.

तुमच्याच चालीनं जायचं तर १९७६-७७ घ्या. तिथं रात्रही आहे आणि वर्षही. युरोपियन कपात फ्रान्सच्या सेंट एटिएनविरुद्ध मार्चमधली रात्र, सहा मिनिटं उरलेली, बदली खेळाडू डेव्हिड फेअरक्लफचा गोल. तो झाला नसता तर पुढचं रोम नव्हतं. त्यात लीगही जिंकली, मँचेस्टर सिटीपेक्षा फक्त एक गुण जास्त. एफ.ए. कपचा (लीगहून वेगळी, इंग्लंडची बाद फेरीची स्पर्धा) अंतिम सामना मँचेस्टर युनायटेडकडून २-१ हरले आणि चारच दिवसांनी रोममध्ये जर्मनीच्या ग्लाडबाखला ३-१ हरवून क्लबचा पहिला युरोपियन कप आणला. चार दिवसांत मन ताळ्यावर आणणं मला बारावीच्या निकालापेक्षा अवघड वाटतं. तुमचा निकाल काय लागला ते मात्र लिहिलं नाहीत.

काका, मी दहावीत आहे. २०१८-१९ मध्ये ९७ गुण, फक्त एक पराभव आणि चँपियन्स लीग. तरी पहिल्या पाचात नाही? – कोल्हापूर

बाळा, सहावा ठेवलाय, आणि तुझ्याशी खोटं कशाला बोलू, कधी कधी चहा पिताना चौथाही ठेवतो. सिटीचे ९८ झाले त्याला कोण काय करणार? तीन जानेवारीला सिटीविरुद्धच्या त्या सामन्यात त्यांच्या स्टोन्सनं चेंडू रेषेवरून बाहेर काढला तेव्हा तो पूर्ण आत जायला सेंटिमीटरभर बाकी होता. लीगमध्ये लिव्हरपूल तो एकच सामना हरलं.

तुम्ही पोरं बार्सिलोनाला हरवलेला ४-० बघता, ट्रेंटचा तो चटकन घेतलेला कॉर्नर बघता. बघाच. पण डिसेंबरमधला नापोलीचा सामना शोध. लिव्हरपूल १-० पुढं, जादा मिनिटं चालू, नापोलीचा मिलिक एकटाच अलिसनसमोर. तो गोल झाला असता तर गटातच गाशा गुंडाळला असता. बार्सिलोना नाही, माद्रिदमधला कप नाही. अलिसन आडवा होऊन पडत नाही बघ. पाय रोवून, छाती रुंद करून पुढं येतो आणि मिलिकला मारायला जागाच ठेवत नाही. तू गोलात खेळतोस का ते लिहिलं नाहीस. खेळत असशील तर रविवारी सकाळी मैदानावर ये, दाखवतो.

१९८४ च्या युरोपियन कपाच्या अंतिम सामन्यात लिव्हरपूलचा गोलकीपर ग्रॉबेलार यानं पेनल्टीच्या वेळी पाय लटपटवले, जाळी चावली. गोलकीपर म्हणून तुम्हाला हे चाळे शोभतात का? – निवृत्त क्रीडाशिक्षक, रत्नागिरी

सर, तुमच्या हाताखाली असतो तर मैदानाला पाच फेऱ्या मारायला लागल्या असत्या हे खरं. पण आधी तो कुठं उभा होता ते बघा. युरोपियन कपाची फायनल रोममध्ये ठरलेली आणि समोर एएस रोमाच. त्यांचं मैदान, त्यांचं गाव. म्हणजे आमच्या पेठेनं शेजारच्या पेठेच्या आखाड्यात जाऊन, त्यांच्याच पंचमंडळींसमोर, त्यांच्या जत्रेच्या दिवशी गदा मागायची. फिल नीलनं गोल केला, प्रुझोनं फेडला, १-१. पेनल्टीत लिव्हरपूलच्या निकोलनं पहिलीच वरून मारली. इथून ती फायनल हरायची शंभर कारणं होती. मग कोंतीनं वरून मारली. ग्राझियानी आला तेव्हा ग्रॉबेलारचे गुडघे रबराचे झाले, आणि ग्राझियानीचा फटका दांड्याला घासून वर गेला. शेवटची अ‍ॅलन केनेडीनं मारली. तीन वर्षांपूर्वी पॅरिसमध्ये रियल माद्रिदविरुद्धचा एकमेव गोलही याच डाव्या बॅकचा.

पेनल्टीच्या वेळी गोलकीपरकडून कुणाला काही अपेक्षा नसते. ती आमची एकमेव मोकळीक. अडवली तर देव, नाही अडवली तर कुणी विचारत नाही. त्यानं ती मोकळीक वापरली, एवढंच. मी स्वतः एकदा नाक्याजवळच्या मैदानावर हे पाय लटपटवून बघितले. समोरच्यानं शांतपणे डाव्या कोपऱ्यात मारली आणि आमच्या कोचनी दोन दिवस माझ्याशी बोलणं टाकलं.

नाका म्हणजे जकात नाका. १९८२ ला मी तिथं चिकटलो आणि पुढं पस्तीस वर्षं नोकरी केली. १९८३-८४ चा बराचसा मोसम मी रात्रपाळीत ट्रान्झिस्टर कानाला लावून ऐकलाय, एका हातानं पावत्या फाडत. ट्रकवाले विचारायचे, ‘साहेब, मॅच कुणाची?’ सांगून उपयोग नव्हता. तो मोसम मला दुसऱ्या नंबरवर का वाटतो, तर जो फेगन या मॅनेजरमुळं. आदल्या वर्षी आधीचे मॅनेजर बॉब पेझली निवृत्त झाले, नऊ मोसमांत सहा लीग आणि तीन युरोपियन कप जिंकून. एवढ्या मोठ्या माणसाच्या खुर्चीवर बाहेरचं कुणी आणायचं सोडून क्लबनं आतलाच, बासष्ट वर्षांचा फेगन बसवला. अ‍ॅनफिल्डमध्ये बूट ठेवायची एक लहानशी खोली होती. पेझलींच्याही आधीचे मॅनेजर शँकली, पेझली, फेगन आणि बाकीचे प्रशिक्षक तिथंच पालथ्या खोक्यांवर बसून चहा पीत, कुणाचा पाय दुखतोय, कोण आळशी झालाय याची चर्चा करत. आमच्या तालमीच्या कट्ट्यावर बसलेला माणूस ती खोली लगेच ओळखेल. वस्तादानं पट्टा पुढं द्यावा तशी ती जागा एकाकडून दुसऱ्याकडं गेली.

आणि या माणसानं पहिल्याच वर्षी लीग, लीग कप आणि युरोपियन कप असे तीन मोठे कप आणले. एका मोसमात तीन आणणारा लिव्हरपूल पहिला इंग्लिश क्लब. लीग कपची फायनल तर शेजारच्या एव्हर्टनशी. लंडनच्या वेम्बलीत सुटली नाही, मग मँचेस्टरच्या ‘मेन रोड’ मैदानावर पुन्हा खेळवली, सूनेसचा एक गोल. इयान रशचे सगळे मिळून ४७ गोल. मग पहिला का नाही? लीगमध्ये १४ सामने बरोबरीत सुटले आणि ३२ गोल खाल्ले. सोळाच्या दुप्पट. माझं वेड तुम्हाला आता कळलं असेल.

सगळ्यात देखणा मोसम कोणता? जिंकलेलं-हरलेलं बाजूला ठेवून सांगा. – एक वाचक, बेळगाव

१९८७-८८, वाद नाही.

तो मी पाहिला तोही खूप उशिरा. तालमीतल्या एकाचा मेव्हणा मस्कतला होता, त्यानं मोसमातल्या सामन्यांची व्हिडिओ कॅसेट आणली. भाड्यानं व्हीसीआर आणून आम्ही चौदा जणांनी एका खोलीत ती दोनदा पाहिली. चांगला भाग आला की नेमक्या पडद्यावर आडव्या रेघा यायच्या, मग एकानं व्हीसीआरच्या डोक्यावर हात ठेवायचा. डावीकडं जॉन बार्न्स, मध्ये पीटर बियर्डस्ली, पुढं ऑल्ड्रिज, उजवीकडं हाउटन. एप्रिलमध्ये फॉरेस्टला ५-० मारलं त्या सामन्यात बार्न्स गोलरेषेजवळ डावीकडं अडकलाय, पुढं जागा नाही, आता फेकी मिळेल फार तर असं वाटतं. एवढ्यात तो दोघांच्या मधून निसटतो आणि चेंडू मागं बियर्डस्लीला. आमच्यातला एक जण, स्वतः उजवा बॅक, तो गोल पाहून म्हणाला, ‘मी उद्यापासून कुस्ती खेळतो.’

लीगचे पहिले २९ सामने ते हरले नाहीत. तिसाव्यात एव्हर्टननं १-० नं थांबवलं. ४० सामन्यांत २ पराभव, ८७ गोल. एव्हर्टनच्याच मैदानावर बार्न्सच्या रंगावरून त्याच्या दिशेनं केळं फेकलं गेलं आणि त्यानं ते टाचेनं बाजूला सारलं, तो फोटो तुम्ही पाहिला असेल. हेसेलच्या १९८५ च्या दुर्घटनेनंतर इंग्लिश क्लबांना युरोपात बंदी होती, म्हणून हा संघ इंग्लंडबाहेर कुणाला नीट दिसलाच नाही.

चौथा का, तर एफ.ए. कपच्या फायनलमध्ये विम्बल्डननं १-० नं हरवलं. त्यात ऑल्ड्रिजची पेनल्टी डेव्ह बिझंटनं डावीकडं झेपावून अडवली. वेम्बलीच्या एफ.ए. कप फायनलमध्ये पेनल्टी अडवणारा तो पहिला गोलकीपर. त्या वेळी चौदा जणांत टाळी एकानंच वाजवली. लिव्हरपूलवाला मीच, टाळी वाजवणाराही मीच. अजून ऐकून घेतो.

१९८८-८९ तुमच्या पाचात नाही ते ठीक, पण कितव्या नंबरवर ठेवाल? – नागपूर

त्याला नंबर लावत नाही. १५ एप्रिल १९८९ ला शेफिल्डच्या हिल्सबरोवर एफ.ए. कपची उपांत्य फेरी बघायला गेलेली ९७ माणसं चेंगरून गेली, त्यातला शेवटचा माणूस २०२१ मध्ये. कुणाचे भाऊ, कुणाच्या मुली, शाळकरी पोरं. पुढं तो कप त्यांनी जिंकला, लीग शेवटच्या मिनिटाला आर्सेनलनं नेली. ते लक्षात आहे, पण मांडता येत नाही.

लिव्हरपूल कधी संपूर्ण मोसम न हरता खेळलंय का? – सांगली

खेळलंय, १८९३-९४ ला, पण दुसऱ्या विभागात. २८ सामने, २२ जिंकले, ६ बरोबरीत. क्लब स्थापन होऊन तेव्हा दोनच वर्षं झालेली, अ‍ॅनफिल्डच्या भाड्यावरून एव्हर्टन निघून गेलं त्या भांडणातून. वर चढायला कसोटी सामना लागायचा, त्यात न्यूटन हीथला २-० हरवलं. न्यूटन हीथचं पुढं मँचेस्टर युनायटेड झालं, हे त्यांच्या पाठीराख्यांना पुढच्या वेळी चहाच्या गाडीवर सांगा. आणि खेळाडूंच्या संख्येचं विचारणाऱ्या इचलकरंजीच्या वाचकांना: १९६५-६६ ची लीग शँकलीनं फक्त १४ खेळाडूंवर जिंकली. आमच्या तालमीत तेवढे तर बसला उशीर झाला म्हणून कमी पडायचे.

तुमच्या १९७८-७९ मधली एकच गोष्ट बघायची असेल तर काय बघू? – तोच वाचक, डोंबिवली (ताजा कलम)

२ सप्टेंबर १९७८, टॉटनहॅमविरुद्धचा सातवा गोल. टॉटनहॅमनं त्या उन्हाळ्यात अर्जेंटिनाच्या विश्वविजेत्या संघातले आर्डिलेस आणि विया आणले होते, त्यामुळं गाजावाजा मोठा. निकाल ७-०. सातवा गोल सुरू होतो टॉटनहॅमच्या कॉर्नरपासून, म्हणजे लिव्हरपूलच्या गोलासमोरून. चेंडू डोक्यानं बाहेर, डॅलग्लिश, मग जॉन्सन, त्याचा मैदान ओलांडून डावीकडं लांब पास, हायवेनं न थांबवता टाकलेला क्रॉस, आणि स्वतःच्या गोलाजवळून पूर्ण मैदान पळत आलेल्या मॅकडरमॉटचं डोकं.

माझ्या वहीत त्या तारखेसमोर आधी १-० लिहिलंय. रेडिओवर ‘सेव्हन’ ऐकू आलं होतं, पण सात कोण मारतं, मला वाटलं ‘वन’च असेल. दोन दिवसांनी पेपर बघून खोडून ७ केलं. गोल प्रत्यक्ष बघायला मिळाला चाळीसेक वर्षांनी, नातीच्या मोबाइलवर. तिनं विचारलं, ‘आजोबा, गोल तर तिकडं झाला, तुम्ही सारखं मागं का नेताय?’ कॉर्नर येतो तेव्हा क्लेमन्स कुठं उभा होता ते मला बघायचं होतं. पहिल्या एका सेकंदात तो दिसतो. नंतर कॅमेरा चेंडूबरोबर निघून जातो.